जागा आहे का?

अ‍ॅपवर दोन अनोळखी पुरुषांचं बोलणं सुरू झालं की तिसऱ्या-चौथ्या ओळीला हा प्रश्न येतोच. नाव नंतर, कधी कधी येतही नाही. वय, उंची, कुठलं स्टेशन आणि जागा आहे का. मुंबईत जागेची अडचण सगळ्यांनाच. चाळीतल्या एका खोलीत नव्या जोडप्याची कशी पंचाईत व्हायची, यावर आपल्याकडे विनोदांना तोटा नाही. पण त्या जोडप्यासाठी सासू निदान कीर्तनाला तरी जाऊन बसायची. आमच्यासाठी कोण उठून कीर्तनाला जाणार?

‘कंडोम आहे का?’ हा प्रश्न त्याच बोलण्यात कितव्या ओळीला येतो, याकडे माझं वीसेक वर्षं लक्ष आहे. आधी याहूच्या चॅटरूम होत्या, मग प्लॅनेट रोमियो, मग ग्राइंडर, सगळी पुरुषांनी पुरुष शोधायची ठिकाणं. पडदे बदलले, क्रम फारसा बदलला नाही. कंडोम शेवटी येतो किंवा येतच नाही. आला तरी ‘सेफच ना?’ असा येतो आणि ‘हो’वर संपतो. त्या ‘हो’चा अर्थ दोघांच्या मनात सारखा असेल असं नाही. एकाच्या मनात कंडोम असतो, दुसऱ्याच्या मनात ‘मी काही तसला नाही’ एवढंच असतं.

एचआयव्हीबद्दल लिहायला बसलं की माहितीपत्रक व्हायला वेळ लागत नाही. पण माहिती माझ्याकडे पहिल्यापासून होती आणि ऐन वेळी ती माझ्या काही कामाला आली नाही. तिथूनच सुरुवात करतो.

२००२ सालच्या अखेरीस मुंबईभर एक प्रश्न लटकत होता. ‘बलबीर पाशा को एड्स होगा क्या?’ स्टेशनांवर, बसवर, टीव्हीवर. हा जाहिरातीतला बलबीर पाशा दारू प्यायला की कंडोम विसरायचा. आपण एकट्या मंजुलाकडेच जातो, मग आपल्याला काय होणार, असंही त्याला वाटायचं. लोकांनी त्याची टिंगल केली, काहींनी फलकांविरुद्ध तक्रारी केल्या, पण नाव शहराच्या तोंडात बसलं. मी तेव्हा एकवीस वर्षांचा, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. डोंबिवलीहून रोज दादरला जायचो. एचआयव्ही कुठल्या पेशींवर बसतो, आत शिरून काय करतो, हे मी परीक्षेत आकृती काढून, नावं देऊन लिहिलं होतं. मार्कही चांगले पडले होते.

तरी तो फलक बघताना मला कधी वाटलं नाही की हे माझ्याबद्दल चाललंय. बलबीरला धोका मंजुलाकडून होता. त्याआधीच्याही प्रत्येक फलकावर कुठे ना कुठे बाई होती, एक तर बायको, नाही तर ‘तसली’. आणि कंडोमचं म्हणाल तर आमच्या घरात ‘निरोध’ हा शब्द लाल त्रिकोणासोबत आलेला. १९६८ साली सरकारने निरोध बाजारात आणला, पंधरा पैशांना तीन, तो पाळणा लांबवायला. दोन पुरुषांमध्ये पाळणा कुठला हलायचा? मग निरोध कशाला? आज हे वाचायला हास्यास्पद वाटेल, पण त्या काळात मला भेटलेल्या कितीतरी पुरुषांची ही प्रामाणिक समजूत होती. रोग बाईकडून होतो, आपण बाईकडे जात नाही, म्हणजे आपण वाचलो. प्रत्यक्षात संबंधांच्या सगळ्या प्रकारांत गुदसंभोगातच लागणीचा धोका सर्वांत जास्त. हे कुठल्याही फलकावर नव्हतं. शासनाने तो शब्द छापायचा कसा, हाही प्रश्न असणार.

माझी पहिली वेळ एका ऑफिसात झाली. शनिवार दुपार, शिपाई चहाला गेलेला, शटर अर्धं खाली. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, ऑफिस त्याच्या ओळखीतल्या कुणाचं तरी. हाताशी वीस मिनिटं होती आणि त्यातली पाच मी घाबरण्यात घालवली. कंडोम माझ्याकडे नव्हता. कोपऱ्यावरचा केमिस्ट बाबांना ‘काय साहेब’ म्हणून हाक मारायचा, त्याच्याकडे मी काय मागणार? कंडोम आणि सॅनिटरी नॅपकिन दोन्ही तो काळ्या पिशवीत घालून द्यायचा, म्हणजे रांगेतल्या सगळ्यांना कळावं की आत काय आहे. स्टेशनच्या पलीकडच्या दुकानात जावं तर तिथे गर्दीत शेजारचे काका असायचे.

पण खरं सांगायचं तर, कंडोम असता तरी मी तो काढला असता का? मला नाही वाटत. त्या माणसावर माझा विश्वास बसला होता आणि तो कशामुळे बसला हे मला लख्ख आठवतं. त्याच्या बॅगेत स्टीलचा डबा होता, डब्यात थालीपीठ आणि लोण्याचा गोळा. त्याने मला अर्धं दिलं. शुद्ध मराठी बोलत होता, आईने केलंय म्हणाला. ज्याची आई डब्यात थालीपीठ देते त्याला एड्स कसा असेल? चांगल्या घरातला माणूस!

‘चांगल्या घरातला’ हे आमच्यातलं सर्वांत जुनं, सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निकामी निरोधन आहे. आजही प्रोफाइलवर दिसतं, इंग्रजी कपडे घालून. ‘डीसंट गाय फ्रॉम गुड फॅमिली.’ ‘क्लीन, यू बी टू.’ त्या ‘क्लीन’मध्ये आंघोळीपासून जातीपर्यंत सगळं येतं. गोरा आहे, शिकलेला आहे, नोकरीला आहे, आपल्यातला वाटतो, म्हणजे निर्धोक. आणि दगडी भिंतीपाशी किंवा स्टेशनच्या मुतारीत उभा राहणारा, बिहारहून आलेला, बायकी चालणारा, तो मात्र धोक्याचा. लग्नं जुळवताना आपण जी चाळण वापरतो तीच आम्ही अंधारात वापरतो. विषाणू त्या चाळणीतून आरामात खाली पडतो.

त्या दुपारनंतरचे तीन महिने वाईट गेले. घसा दुखला की मी आरशात जीभ बघायचो. शेवटी एका सरकारी दवाखान्यातल्या तपासणी केंद्रात गेलो. तपासणी फुकट होती, आधी समुपदेशन. टेबलापलीकडची बाई थकलेली पण प्रेमळ होती. लग्न झालंय का? नाही. बाहेर कुठे गेला होतात? मी मान हलवली. कामाठीपुऱ्यात?

मी ‘हो’ म्हणालो.

मी कामाठीपुऱ्यात कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. पण एकवीस वर्षांच्या, डोंबिवलीच्या, बऱ्या घरातल्या मुलाला वेश्येकडे गेलो होतो असं सांगणं सोपं वाटलं. त्यात निदान मर्दपणा होता. त्या बाईने तसं लिहून घेतलं, मग लाकडी नमुन्यावर कंडोम कसा चढवायचा ते दाखवलं, आणि बाई ‘नको’ म्हणाली तरी आपण वापरायचा, असं बजावलं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. त्या वर्षीच्या कुठल्या तरी तक्त्यात मी वेश्यागमन करणारा अविवाहित तरुण म्हणून नोंदला गेलो असेन. माझ्यासारखे असे किती असतील, हा विचार आकडे वाचताना अजून मनात येतो. सरकारी पाहणीत सर्वसाधारण प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास दिसतं, आणि पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये २०२१ साली ते तीन टक्क्यांच्या वर होतं. या दुसऱ्या रकान्यात यायलासुद्धा ‘हो, पुरुषाशी’ हे शब्द तोंडातून बाहेर पडावे लागतात.

मला कंडोम वापरायला शिकवलं ते आक्काने.

आक्का म्हणजे पन्नाशीचा एक कारकून, गिरगावात चाळीतल्या खोलीत एकटा राहणारा. ऑफिसात ‘राव’, आमच्यात आक्का. ‘आला’ म्हणायचं की ‘आली’, हे त्या दिवशीच्या तिच्या मिजाशीवर. दर रविवारी संध्याकाळी तिच्याकडे सात-आठ जण जमायचे. साबुदाण्याची खिचडी व्हायची, जुन्या गाण्यांच्या भेंड्या लागायच्या, कुणाचं लग्न ठरलं म्हणून कुणी तरी रडायचं. नव्या पोराला आधी कामाला लावायचं, शेंगदाणे कुटायला. मला वाटतं, आपल्यासारखी इतकी माणसं एका खोलीत दिवा लावून बसू शकतात, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. तोवर मला वाटायचं हे सगळं अंधारातच करायचं असतं.

खोलीच्या दाराला आतून एक खिळा होता आणि खिळ्याला शबनमसारखी एक कापडी पिशवी. पिशवीत कंडोम आणि जेलच्या पुड्या. आक्का एका संस्थेत स्वयंसेवक होती, तिथून आणायची. जाताना प्रत्येकाने पिशवीत हात घालायचा. कुणी विसरला की ती स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी राहून ओरडायची, ‘अगं, छत्री घेतलीस का?’ पावसाळा असो नसो. शेजारच्या काकूंना वाटायचं, किती काळजी करतात हे राव पोरांची. वाटत होतं ते खरंच होतं म्हणा.

जेलच्या पुड्यांचं महत्त्व मला तिथेच कळलं. ज्यांना कंडोमचं पटलेलं होतं, त्यांच्यातलेही निम्मे खोबरेल तेल वापरायचे. मराठी घरात न्हाणीघराच्या फळीवर दुसरं काय असतं? निळी बाटली हाताशी. कुणी व्हॅसलिन, कुणी कोल्ड क्रीम. आक्काने एकदा आमच्यासमोर कंडोम फुगवून त्याला बाहेरून तेल चोळलं. आम्ही गप्पा मारत होतो, तेवढ्यात तो फट्‌कन फुटला. तेलाने लॅटेक्स कमजोर होतं, पाण्यावर आधारलेलं जेलच हवं, हे वाक्य मी आधी वाचलं असतं तरी विसरलो असतो. तो आवाज विसरलो नाही.

पण आक्काचं खरं काम पिशवीचं नव्हतंच, टिंगलीचं होतं. आमच्या वयाच्या पोरांत ‘कंडोम नको, मजा जाते’ ही फुशारकी होती. आक्काच्या खोलीत ती फुशारकी हळूहळू उलटली. कुणी तसं बोललं की दोन-तीन जण कपाळाला हात लावायचे, ‘अरे बावळटा’ म्हणायचे, विषय पुढे जायचा. प्रवचन कधी नाही. सहा महिन्यांत त्या खोलीत कंडोम न वापरणं हे बनियनवर स्टेशनला जाण्यासारखं झालं. गुन्हा नाही, पण हसं होतं.

फार पुढे मला कळलं की यावर अभ्यास झालेला आहे. १९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपीतल्या बिलॉक्सीसारख्या लहान शहरात, जेफ्री केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गे बारमधल्या बारटेंडरना विचारलं, इथे सगळ्यांचा लाडका कोण? कुणाचं लोक ऐकतात? ज्यांची नावं पुन्हा पुन्हा आली त्यांना बोलावून शिकवलं. आपल्या मित्रांशी गप्पा मारताना कंडोमचा विषय कसा काढायचा, ‘मी वापरतो बुवा’ हे सहज कसं बोलायचं, एवढंच. काही महिन्यांनी त्या शहरात कंडोमशिवाय गुदसंभोग केलेल्यांचं प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर आलं. ज्या शहरांत असं काही केलं नव्हतं तिथे तेवढा फरक पडला नाही. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. मिसिसिपीत आक्का होत्या तर!

पण याचं शेपूट सांगायलाच हवं. तोच प्रयोग पुढे लंडनच्या जिममध्ये आणि ग्लासगोच्या बारमध्ये करून पाहिला, तिथे तो चालला नाही. जिममध्ये वजनं उचलणाऱ्या माणसापाशी जाऊन कंडोमचा विषय काढायचा कसा, हेच शिकवलेल्यांना जमेना. मला यात नवल वाटत नाही. आक्का चालली कारण आधी खिचडी होती. जिममध्ये कोण कुणाला खिचडी वाढतं?

आता पोलिसांकडे येऊ, कारण त्या रविवारच्या खोलीत तेही असायचे. प्रत्यक्ष नाही, पण दार वाजलं की सगळे गप्प व्हायचे.

पुरुषा-पुरुषांतल्या संबंधांना तेव्हा कलम ३७७ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. खटले फार क्वचित व्हायचे, कलम वापरलं जायचं ते खिसा रिकामा करायला. स्टेशनबाहेर अडवायचं, खिशात कंडोम सापडला की ‘हे कशाला?’, आणि घरी फोन करू का, असं विचारायचं. घरी फोन हे चार शब्दही नव्हेत, पण एटीएमचा पिन बाहेर काढायला पुरेसे. माझ्या ओळखीतल्या दोघांनी या भीतीने खिशात कंडोम ठेवणंच सोडलं होतं. लग्न झालेल्यांची गत आणखी निराळी. बायकोने शर्ट धुवायला टाकताना खिसा तपासला तर? म्हणजे ज्या माणसाकडे कंडोम असायची सर्वांत जास्त गरज, त्याच्या खिशात तो असणं सर्वांत धोक्याचं. आणि त्या बायकोचा तर या सगळ्या हिशेबात कुणी उल्लेखही करत नाही. आम्हीही करत नव्हतो.

जुलै २००१ मध्ये लखनऊत भरोसा ट्रस्ट आणि नाझ फाउंडेशन इंटरनॅशनलच्या चार कार्यकर्त्यांना अटक झाली. काम काय करत होते, तर पुरुषांमध्ये एचआयव्हीचा प्रसार रोखण्याचं. त्यांच्याकडची माहितीपत्रकं आणि साहित्य पुरावा म्हणून जप्त झालं. ४७ दिवस ते तुरुंगात होते. ही बातमी आक्काने कात्रण काढून ठेवली होती. त्याआधी १९९४ साली तिहार तुरुंगात कैद्यांना कंडोम द्यायचं सुचवल्यावर प्रशासनाने नकार दिला होता आणि त्यावरून एड्स भेदभाव विरोधी आंदोलनाने दिल्लीच्या न्यायालयात ३७७ला पहिलं आव्हान दिलं. म्हणजे या देशात हे कलम न्यायालयात गेलं ते आधी प्रेमाच्या हक्कासाठी नव्हे, कंडोमच्या पाकिटापायी. नाझ फाउंडेशनची २००१ची याचिकाही एचआयव्हीचं काम करणाऱ्यांचीच. त्या खटल्यात एकाच केंद्र सरकारच्या दोन तोंडांनी दोन गोष्टी सांगितल्या. गृह खातं म्हणालं कलम हवं, आणि आरोग्य खात्याच्या बाजूने राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था म्हणाली की या कलमाच्या भीतीने लोक लपतात आणि आमचं काम अडतं.

२ जुलै २००९ला दिल्ली उच्च न्यायालयाचा आमच्या बाजूने निकाल आला, तेव्हा आक्काने पेढे वाटले. ११ डिसेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, तेव्हा ती दोन रविवार कुणाशी बोलली नाही. ६ सप्टेंबर २०१८ला शेवटी ते कलम आमच्यापुरतं गेलं. त्याच्या चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय कुणाचा रिपोर्ट कुणाला सांगायचा नाही, नोकरीत आणि घर भाड्याने देताना भेदभाव नाही. पहिल्या तारखेला इंद्रधनुषी झेंडे निघाले, दुसरी तारीख आमच्यातल्याही फारच थोड्यांना ठाऊक आहे. मला ही गोष्ट जरा लागते.

या सगळ्यात एक गोष्ट आक्काच्या पिशवीलाही जमली नाही. प्रेम.

आमच्यातला एक जण, नाशिककडचा, अत्यंत काटेकोर. अनोळखी माणसाबरोबर कंडोमशिवाय कधी नाही. मग त्याला कुणी तरी भेटलं. पाच-सहा महिने एकमेकांच्या घरी जेवणं, दिवाळीला कंदील, आईला ‘मित्र’ म्हणून ओळख. एके रात्री त्याने सवयीने पाकिटाकडे हात नेला आणि दुसरा म्हणाला, ‘अजून विश्वास नाही का माझ्यावर?’ आता याला उत्तर काय देणार? आपल्याला लग्न नाही, मंगळसूत्र नाही, सप्तपदी नाही. आपलं नातं खरं आहे हे दाखवायला दुसरं काय शिल्लक असतं? कंडोम बाजूला ठेवणं हाच आमचा विधी होऊन बसला होता. दोघांपैकी कुणीही तपासणी केली नव्हती. विश्वास ठेवायचा म्हटल्यावर तपासणी म्हणजे पुन्हा अविश्वासच ना?

दोन वर्षांनी नाशिककराचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. दुसऱ्याने फसवलं होतं असं समजू नका, त्यालाही माहीत नव्हतं. अ‍ॅम्स्टरडॅममधल्या गे पुरुषांविषयी २००३ साली एक गणिती मांडणी प्रसिद्ध झाली होती, तिच्यानुसार नव्या लागणींपैकी ८६ टक्के कायमच्या जोडीदाराकडून होत होत्या. अनोळखी माणसाशी आपण सावध असतो. सिडनीतल्या लोकांनी नव्वदच्या दशकात यावर एक साधा मंत्र काढला होता: बोला, तपासा, पुन्हा तपासा, मग विश्वास ठेवा. विश्वास होताच त्यात, फक्त रांगेत चौथा. आणि बाहेर काही घडलं तर घरी येऊन सांगायचं, हा करार. आपल्याकडे पहिली पायरीच अवघड. ‘बोला’ म्हणे! ज्या घरांत नवरा-बायको एकमेकांना नावाने हाक मारत नव्हते, त्या घरांतून आम्ही आलेलो.

नाशिककर आज उत्तम आहे. १ एप्रिल २००४पासून देशात एआरटीची, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी, औषधं सरकारतर्फे मोफत मिळू लागली, पण सुरुवातीला प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा बराच खाली उतरल्याशिवाय सुरू करत नसत. २०१७पासून निदान झालं की लगेच उपचार. आता दिवसाला एक गोळी. विषाणू इतका दबलेला की तपासणीत सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणजे संबंधातून पसरतही नाही. युरोपातल्या १४ देशांत अशा ७८२ पुरुष जोडप्यांचा अभ्यास झाला, एक पॉझिटिव्ह आणि उपचारांवर, दुसरा निगेटिव्ह. कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले आणि जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. २०१९ साली हे प्रसिद्ध झालं.

नाशिककराने हे प्रोफाइलवर लिहून पाहिलं. आठवडाभरात किती जणांनी ब्लॉक केलं ते त्याने मोजलं नाही, मोजायचं नव्हतं त्याला. मग त्याने ओळ काढून टाकली. आता कुणी ‘क्लीन?’ विचारलं की तो ‘हो, सकाळीच आंघोळ केली’ म्हणतो. विनोद म्हणून ठीक आहे. पण ज्याला आपली स्थिती नक्की ठाऊक आहे, जो रोज गोळी घेतो, तो नको, आणि ज्याने आयुष्यात कधी बोट टोचून घेतलं नाही पण ‘निगेटिव्ह’ लिहिलंय, तो चालतो. थालीपीठच हे, डबा फक्त नवा.

आता प्रेपही आलं आहे. लागण व्हायच्या आधीच घ्यायची गोळी. अमेरिकेत २०१२ला मान्यता मिळाली, आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०२२च्या. मी तीन वर्षं घेतोय, दर तिमाहीला तपासणी करून. आमच्या टोळक्यात पहिल्याने सुरू केली तेव्हा बाकीच्यांनी त्याला ‘मोकाट’ म्हणून चिडवलं. दुसऱ्याने केली, तिसऱ्याने केली, मग चौथ्याने डॉक्टरांचा नंबर मागितला. तीच आक्काची रीत, फक्त आता व्हॉट्सअ‍ॅपवर. ज्यांचं टोळकं नाही त्यांच्यापर्यंत ती पोचत नाही. बदलापूरला आईवडिलांसोबत राहणारा, एकट्याने अ‍ॅप उघडून बसणारा पंचविशीचा मुलगा मला परवा म्हणाला, ‘दादा, गोळी घेईन, पण बाटली ठेवू कुठे?’ पुन्हा जागाच! बाटलीवरचं नाव गूगल केलं की एचआयव्ही येतं, आणि बहीण हुशार आहे. शेवटी त्याने व्हिटॅमिनच्या डबीत गोळ्या भरल्या.

गेली दहा वर्षं ठाण्यात माझं स्वतःचं घर आहे. वन बीएचके, हप्ते चालू. आक्काला आता जिने चढवत नाहीत, म्हणून रविवार माझ्याकडे असतो. तिची पिशवी विरली. तिच्याऐवजी मी एक स्टीलचा डबा ठेवलाय, दाराजवळच्या फळीवर, चपलांच्या वर. आईच्या लग्नातला आहे, अंगावर ‘मामाकडून सप्रेम भेट, ७-५-७८’ असं कोरलेलं. त्यात कंडोम आणि जेलच्या पुड्या. कुणी विचारून घेत नाही. महिन्याला मी भरतो, महिन्याला तो रिकामा होतो, आणि कुणी किती नेले याचा हिशेब मी ठेवत नाही.

बाबा गेल्यानंतर आई अधूनमधून राहायला येते. तिला माझ्याबद्दल माहीत आहे का? आहे आणि नाही. आम्ही त्यावर बोललो नाही. स्थळं आणायची तिने थांबवली त्याला आठ वर्षं झाली. गेल्या श्रावणात ती चार दिवस होती, आणि तो डबा आत ठेवायचं माझ्या लक्षातून गेलं. ऑफिसातून आलो तर ती स्वयंपाकघरात लवंगा शोधत होती. सगळे डबे उघडून झाले होते.

‘तो बाहेरचा डबा,’ ती वळून न बघता म्हणाली, ‘माझ्या लग्नातला आहे तो.’

मी काहीच बोललो नाही.

‘झाकण सैल झालंय त्याचं. पावसाळ्यात दमट होतं तिकडे, दारापाशी. आतल्या कपाटात ठेवत जा.’ मग म्हणाली, ‘लवंगा संपल्यात. उद्या आण.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पूजेला बसली असताना मी डबा उघडला. झाकणाला आतून दोरा गुंडाळून ते घट्ट केलं होतं. पाकिटं दहा-दहाच्या जुड्या करून, रबर लावून, उभी लावून ठेवली होती.